सहा लाखांत घरची गाडी

पत्र: सादर नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागात आहे, राहायला उचगावात. घरात मी, पत्नी, दोन मुलं (वय ११ आणि ७) आणि वडील. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांच्या नावावर २०१० ची अल्टो आहे. तिच्या पासिंगची मुदत गेल्या नोव्हेंबरात संपली आणि तेव्हापासून ती दारात उभी आहे. महिन्याला सहाशेच्या आसपास किलोमीटर होतात. गाव साळवण, सासुरवाडी वैभववाडी, म्हणजे करूळ घाट ठरलेला. अडीच लाख रोख जमलेत, हप्ता साडेआठ हजारांवर झेपणार नाही. शोरूममध्ये गेलो की पावणेदहा लाखांच्या एसयूव्हीचं कोटेशन हातात ठेवतात आणि 'सात वर्षांचा हप्ता करून देतो' म्हणतात. मेव्हणे म्हणतात, इचलकरंजीतली एक २०१७ ची डिझेल एसयूव्ही पाच लाखांत मिळते, ती घे. साध्या माणसाच्या लहान गाड्या गेल्या कुठे? आणि मी नेमकं काय करावं? — एक वाचक, उचगाव

उत्तर:

आधी निकाल सांगतो, मग कारणं. नवी, पेट्रोलवर चालणारी, चार मीटरच्या आतली छोटी गाडी घ्या. अगदी खालचं नाही आणि वरचंही नाही, मधलं व्हेरियंट घ्या आणि कर्ज पाच वर्षांच्या पुढे नेऊ नका. पावणेदहा लाखांची एसयूव्ही तुमच्या पगारावर सात वर्षं बसून राहील. मेव्हण्यांची डिझेल तुमच्या वापराला चुकीची आहे. आणि अल्टोची खालची बाजू कुणाला तरी नीट दाखवल्याशिवाय तिच्यावर एक रुपयाही घालू नका.

लहान गाड्या दिसत नाहीत हा तुमचा भास नाही. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली. नॅनो २०१८ मध्ये थांबली. इऑन गेली, तिच्या जागी पुन्हा आणलेली सँट्रोही २०२२ मध्ये गेली. डॅटसनच्या गो आणि रेडी-गो त्याच वर्षी संपल्या. फिगो बनवणाऱ्या फोर्डने २०२१ मध्येच भारतातला कारभार आवरायचं जाहीर केलं होतं. अल्टो ८०० चा क्रमांक २०२३ ला लागला. २०२४-२५ मध्ये देशात साधारण ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या जवळपास २८ लाख, म्हणजे शंभरातल्या ६५, एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या अंगाच्या होत्या. त्याच वर्षी अल्टो आणि एस-प्रेसो दोन्ही मिळून सव्वा लाखाच्या आसपास थांबल्या.

कारण तुमच्याच खात्यातल्या उदाहरणाने कळेल. हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा, स्पेक्ट्रो रिपोर्ट (घटकांची तपासणी) काढायला जो खर्च येतो तो दोन किलोच्या ब्रॅकेटलाही तेवढाच आणि चाळीस किलोच्या हाउसिंगलाही तेवढाच. हलक्या मालावर तो जास्त टोचतो. गाड्यांचं तसंच झालं. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागलं. त्याच जुलैपासून चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाची सूचना देणारा बझर आले. ऑक्टोबर २०१९ पासून समोरून आणि बाजूने धडकेची चाचणी जुन्या मॉडेलांनाही पास करावी लागली, म्हणजे पत्रा आणि सांगाडा दोन्ही बदलले. एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचा अधिक कडक नियम. २०२१ संपताना शेजारच्या सीटची एअरबॅग. एप्रिल २०२३ पासून धूर नुसता प्रयोगशाळेत नव्हे, रस्त्यावर चालतानाही मोजला जाऊ लागला, त्यासाठी जास्तीचे सेन्सर आणि नवा संगणक आला. यातला एकही नियम चुकीचा नाही. तुमची दोन मुलं मागे बसणार आहेत, तेव्हा हे सगळं हवंच. पण एबीएसचं मॉड्यूल गाडी लहान आहे म्हणून स्वस्त मिळत नाही. समजा, या सगळ्याचे मिळून पन्नास हजार वाढले. तीन लाखांच्या गाडीवर ते सतरा टक्के झाले, दहा लाखांच्या गाडीवर पाचच टक्के. तीन लाखांचं गिऱ्हाईक दुचाकीवरून चारचाकीवर येणारं असतं, पन्नास हजारांनी ते मागे फिरतं. दहा लाखांचं गिऱ्हाईक तेवढ्याची अ‍ॅक्सेसरी बसवून घेतं.

दुसरं कारण कराच्या व्याख्येत आहे. सरकारच्या लेखी 'लहान गाडी' म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. किंमत आणि वजन कुणी विचारत नाही. त्यामुळे चार मीटरच्या आत उंच बॉनेट आणि मोठी चाकं बसवून नऊ लाखांना विकलेली गाडीही त्याच कमी कराच्या खान्यात बसते. कंपनीला कर तोच आणि नफा अधिक मिळतो, मग ती अल्टोची वारसदार कशाला काढेल? २२ सप्टेंबर २०२५ पासून या खान्यातल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी उपकर धरून २९ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे १२९ रुपयांची वस्तू ११८ ला, साडेआठ टक्के स्वस्त. चांगलंच झालं, अल्टो के-१० चं सर्वांत खालचं व्हेरियंट तेव्हा ३ लाख ६९ हजार ९०० वर आलं. पण साडेआठ टक्के दोन्हीकडे लागू झाले: साडेचार लाखांच्या गाडीत ३८ हजार वाचले, नऊ लाखांच्या गाडीत ७६ हजार. म्हणून सेल्समन 'आता एसयूव्ही केवढी उतरली बघा' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तुम्हाला ती परवडते का, हा वेगळा हिशेब आहे.

तो हिशेब करू. एक्स-शोरूम साडेपाच लाखांची गाडी धरा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे ६०,५००. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो: इंजिन १००० सीसीच्या आत असेल तर ६,५२१, त्याच्या वर १५०० पर्यंत १०,६४०, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा पहिल्या वर्षाचा विमा आणि अपघात संरक्षण मिळून दहा-बारा हजार धरा. पासिंग फी, कर्जाचा बोजा चढवणं, फास्टॅग यांचे तीन-साडेतीन हजार. बेरीज सहा लाख तीस-पस्तीस हजारांवर येते. तुमच्याकडचे दोन लाख तीस-पस्तीस घातले की चार लाख कर्ज उरतं. ९ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता ८,३०३ आणि एकूण व्याज ९८ हजार. रोखीतले पंधरा हजार हातात राहतात, ते तसेच राहू द्या.

आता तुमच्या हातातलं कोटेशन. पावणेदहा लाखांत अडीच रोख दिले तर सव्वासात लाख कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी ८४ महिने, हप्ता ११,८५० आणि व्याज पावणेतीन लाखांच्या घरात. साडेआठची मर्यादा तर पहिल्याच महिन्यात मोडते. शिवाय सात वर्षांच्या कर्जात पहिली तीन-चार वर्षं मुद्दल हळू फिटतं आणि गाडीची किंमत झपाट्याने उतरते. अडचणीत विकायला काढली तर आलेल्या पैशांत बँकेचा बोजाही उतरेल की नाही, सांगता येत नाही.

शोरूममध्ये लहान गाडी मागितल्यावर 'ती स्टॉकला नाही, ऑर्डरवर येते' असं ऐकायला मिळेल. येऊ द्या ऑर्डरवर. व्हेरियंटचं पूर्ण नाव, रंग, मिळण्याची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळणार हे लेखी घ्या. कोटेशनमध्ये 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ असेल तर ती काढायला सांगा. गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणणं हे विक्रेत्याचंच काम आहे. अ‍ॅक्सेसरीचं पॅकेज सक्तीचं नसतं. विमाही त्यांच्याकडूनच घ्यायचं बंधन नाही. बाहेरून दोन कोटेशन आणून समोर ठेवलीत की त्यांचाही आकडा खाली येतो.

कोणती गाडी? पाच माणसांना अल्टो के-१० अपुरी पडेल. डिकी २१४ लिटरची, टाकी २७ लिटरची, मागे तिघं बसली की वडिलांचे पाय मुडपूनच राहणार. तुमच्या पैशांत दोन नावं उरतात. वॅगन आर एक लिटर इंजिनची: बसणी खुर्चीच्या उंचीची, दार उंच, डिकी ३४१ लिटर, थर्ड पार्टी विमा खालच्या खान्यातला. तिची कमजोरी लपवण्यासारखी नाही: २०२३ च्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला एक तारा आणि लहान मुलांच्या सुरक्षेला शून्य. ती चाचणी दोन एअरबॅगच्या गाडीची होती, त्यानंतर एअरबॅग वाढल्या. पण एअरबॅग वाढल्याने सांगाडा बदलत नाही. दुसरी टियागो: १,१९९ सीसी, घाटात दम चांगला, २०२० च्या चाचणीत मोठ्यांना चार आणि मुलांना तीन तारे. ती चाचणी जुन्या, सौम्य नियमांनी झाली होती हेही ध्यानात ठेवा. विमा वरच्या खान्यातला, म्हणजे सुरुवातीला जीएसटी धरून पाचेक हजार जास्त, आणि बसणी खाली.

आमचा कौल टियागोला, पण निर्णय वडिलांच्या गुडघ्यांवर सोडा. त्यांना घेऊन शोरूमला जा. मागच्या सीटवर तीन वेळा बसायला आणि कुणाचा हात न धरता उठायला सांगा. तिसऱ्या वेळी ते दाराची चौकट पकडून स्वतःला वर ओढत असतील तर वॅगन आर घ्या. टेस्ट ड्राइव्हला पाचही जणांना बसवा. एकट्याने चालवून घाटाचा अंदाज येत नाही. गाडी कोणतीही घ्या, मागे बसणाऱ्या प्रत्येकाचा बेल्ट लागलाच पाहिजे, साळवणच्या वाटेवर आणि गल्लीतही. सात वर्षांच्या मुलाला बेल्टचा वरचा पट्टा गळ्यावर येतो, म्हणून बूस्टर सीट घ्या. उरलेल्या पंधरा हजारांतला पहिला खर्च तोच असू द्या.

सीएनजीचं विचाराल. फरक साधारण ९५ हजारांचा धरा. पेट्रोल १०५ रुपये आणि शहर-घाट मिळून अ‍ॅव्हरेज १८, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे. सीएनजी ९० रुपये किलो आणि अ‍ॅव्हरेज २४ धरलं तर ३ रुपये ७५ पैसे. किलोमीटरला दोन रुपये आठ पैसे वाचतात, म्हणजे ९५ हजार वसूल व्हायला ४५-४६ हजार किलोमीटर लागतील. तुमचं वर्षाचं चालणं ७,२०० चं, म्हणजे सहा वर्षांहून जास्त. दर तुमच्या पंपावरचे घालून पुन्हा मांडा. किलोमीटर एवढेच असतील तर उत्तर फारसं हलणार नाही. त्यात वॅगन आरची डिकी टाकीने भरते आणि करूळ घाट चढताना गॅसवर ओढ कमी पडते. रोज पन्नास किलोमीटर चालणाऱ्याने सीएनजी जरूर घ्यावी.

आता इचलकरंजीची डिझेल. तुमचा रोजचा पल्ला उचगाव ते शिरोली, तावडे हॉटेलच्या चौकातून. इंजिन पुरतं तापेपर्यंत कंपनीचं गेट येतं. डिझेलची बचत किलोमीटरला चाळीस-पन्नास पैशांची, म्हणजे वर्षाला तीन-साडेतीन हजार. एक इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला की अनेक वर्षांची बचत एका बिलात जाते. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज चढं, मुदत कमी. आणि २०१७ च्या गाडीची पंधरा वर्षं २०३२ मध्ये भरणार, म्हणजे आज अल्टोपाशी उभा असलेला प्रश्न पुन्हा येणार.

पण या भागात जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी याहून मोठा धोका आहे, तो सगळ्यांसाठीच सविस्तर लिहितो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचं पाणी शहराच्या सखल भागांत, चिखली-आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यात आणि शिरोलीजवळ महामार्गावरही आलं होतं. अनेक गाड्या बुडाल्या. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरलेली गाडी भंगाराच्या भावात लिलावात जाते. तिथून काही गाड्या धुऊन, सुकवून, पॉलिश करून पुन्हा बाजारात येतात. बाहेरून त्या नव्यासारख्या दिसतात. आतल्या वायरिंगला मात्र हळूहळू गंज चढत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांनी खिडकीची काच, मग सेन्सर, मग सेंट्रल लॉक एकेक करून जायला लागतात.

बुडालेली गाडी ओळखायला गॅरेज लागत नाही, अर्धा तास आणि टॉर्च लागतो. मागच्या आणि पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ किंवा मळकट डाग राहिलेला असतो, कारण धुणारे तिथवर जात नाहीत. पुढच्या सीटखाली हात घालून रुळाचे बोल्ट पाहा: दहा वर्षांच्या कोरड्या गाडीतही ते फारसे गंजत नाहीत, तांबूस खवले असतील तर पाणी त्या उंचीपर्यंत आलं होतं. कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या फोमचा वास घ्या, दाबून पाहा. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यातल्या वेल्डिंगच्या सांध्यांत गाळ आहे का बघा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची छिद्रं असतात, त्यांत आगपेटीची काडी फिरवा. बारीक पिवळी माती निघाली तर नदीचीच समजा. फ्यूज बॉक्स उघडा, पितळी टोकांवर हिरवट थर दिसतो का पाहा. हेडलाइटच्या आत, तळाशी पाण्याची आडवी रेघ राहते. एकच हेडलाइट नवा असेल तर अपघात, दोन्ही नवे असतील तर पूर किंवा अपघात, दोन्ही शक्यता विचारून घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एअरबॅगची. तिचा नियंत्रण डबा गाडीच्या मधोमध, गिअर लिव्हरच्या आसपास, फरशीवर बसवलेला असतो. पाणी फूटभर आत आलं तरी तो बुडतो. चावी इंजिन सुरू न करता 'ऑन'वर फिरवली की एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर 'दिवा नाही म्हणजे बिघाड नाही' असं समजू नका. बिघाड लपवायला दिव्याची जोडणीच तोडलेली असू शकते. मेकॅनिककडून स्कॅनर लावून एअरबॅग आणि एबीएस दोन्हींचे कोड वाचून घ्या. सर्व्हिसच्या नोंदी मागा: ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ नंतर दीड-दोन महिन्यांची पोकळी, मग एकदम मोठं बिल असेल तर विचारा. विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास विक्रेत्यालाच काढायला लावा.

किलोमीटर मागे फिरवले असतील तर टायर सांगतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१७ ची गाडी 'पस्तीस हजारच चालली' म्हणतात आणि टायरचा दुसरा संच झिजलेला असेल तर तो आकडा खरा नाही. पैसे देण्याआधी परिवहन पोर्टलवर बोजा, विमा आणि मुदत पाहा, ई-चलानं वेगळी पाहा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५; विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. नुसत्या सह्या घेऊन फॉर्म कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत. आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) नावावर होईपर्यंत कायद्याने गाडी आधीच्याच मालकाची. विमाही चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळणार नाही.

आता दारातली अल्टो. आधी एक गैरसमज काढतो: पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी बंद, हा नियम दिल्ली परिसरातला. महाराष्ट्रात तपासणी पास झाली तर पाच वर्षं वाढवून मिळतात. मात्र मुदत संपलेली आरसी असताना ती रस्त्यावर काढू नका. ती नोंदणी नसलेली गाडी धरली जाते, दंड होतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. नूतनीकरणाला फॉर्म २५, चालू विमा, पीयूसी आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाट्या लागतात. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला त्या वेगळ्या बसवाव्या लागतात. फी ५,००० रुपये, उशिराचे महिन्याला ५०० आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणजे जितके महिने विचारात घालवाल तितके पाचशे वाढणार.

हे पैसे भरण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा. चालकाच्या पायाखालचा पत्रा, जॅक लावायची जागा आणि मागच्या सस्पेन्शनचे बुड स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. पत्रा आत दबला किंवा भोक पडलं तर विषय संपला, भंगार केंद्राचा रस्ता धरा. पत्रा टणक असेल तर चारही सिलिंडरचं नव्हे, तिन्हींचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. ७९६ सीसीचं ते इंजिन तीन सिलिंडरचं आहे. त्यांच्यात फार तफावत असेल तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचं हेड उतरवायची वेळ आली. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते कुणाला आठवत नसेल तर बदलायचा आहे असंच समजा. आत्ताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, त्यातलं काही आपल्याच उसापासून येतं, पण २०१० च्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. फ्यूएल होज कडक झाल्यात का, चिरल्यात का पाहा आणि सगळ्या बदला. शिवाय नोव्हेंबरपासून उभ्या गाडीतलं पेट्रोल तसंच आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाला बसतं. ते उपसल्याशिवाय स्टार्टर मारू नका. हे सगळं धरून खर्च पंचवीस हजारांच्या पुढे जात असेल तर आम्ही ती ठेवणार नाही. तिला एबीएस नाही, एअरबॅग नाहीत. नव्या गाडीसोबत दुसरी गाडी म्हणून ठेवायची तर विमा आणि टायरही दुप्पट.

मोडीत काढायची तर नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्या. तिथून मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि करात सवलत मिळते, पण प्रमाणपत्र वडिलांच्या नावावर निघेल, तेव्हा ते तुमच्या गाडीला कसं लावायचं हे केंद्रात आधी विचारून घ्या. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली आणि आरसी रद्द केली नाही तर त्या नंबरवर पुढे जे काही होईल त्याची नोटीस वडिलांना येईल. शोरूमच्या एक्स्चेंज बोनसचा आकडा आणि केंद्राचा आकडा दोन्ही लेखी मागा, मग ठरवा. अल्टोच्या विम्यावरचा नो क्लेम बोनस मात्र वडिलांचा आहे. नवी गाडी तुमच्या नावावर असेल तर तो तिला लागणार नाही.

नव्या गाडीच्या विम्यात 'इंजिन प्रोटेक्ट' जोडून घ्या. साध्या विम्यात पुराने भिजलेल्या सीट मिळतात, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला तर तो बसत नाही. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला पाणी आलं की ही वेळ येते. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवू नका, ढकलत बाहेर काढा आणि टो करून न्या.

गाडी आली की पासिंगच्या आधी यार्डात दिवसाउजेडी पाहायला मिळाली पाहिजे, ही अट बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. पासिंग झालं की दोष सापडूनही गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य. चेसिस नंबर कागदाशी जुळवा, बनल्याचा महिना पाहा. तीन महिन्यांपेक्षा जास्त उभी असेल तर बॅटरी आणि टायर बारकाईने तपासा. पाचही टायरांचे आठवडे एकमेकांच्या जवळपासचे हवेत. ओडोमीटर पन्नासच्या आत. रंगाची छटा दारापासून बंपरपर्यंत बाजूला उभं राहून बघा. एसी, चारही काचा, हॉर्न, वायपर, स्टेपनी, जॅक, दोन्ही चाव्या. तुम्ही क्वालिटीत आहात, चेकशीट करायला तुम्हाला शिकवायला नको.

पाडव्याच्या दिवशीच डिलिव्हरी हवी असेल तर ही तपासणी चार दिवस आधी उरकून घ्या. मुहूर्ताच्या सकाळी शोरूममध्ये एकेका माणसाच्या हातात दहा-बारा गाड्या असतात; त्या गर्दीत कुणी तुम्हाला टायर मोजत बसू देणार नाही. अंबाबाईला गाडी दाखवायला नेताना महाद्वार रोडच्या गर्दीत क्लच दाबून धरत पहिल्याच दिवशी तासभर रेटू नका. बाहेर लावा, नारळ वाढवा आणि तिथूनच फिरा.